वाणातली काडी

मिराशीबाईंच्या हातात काडी देऊ नये, असा आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळात एक न बोलता पाळलेला नियम होता. उदबत्ती, पेन्सिल, चमचा, कुल्फीची काडी, काही म्हणजे काही नाही. कारण काडी हातात आली की बाई ती अंगठा आणि दोन बोटांत नाजूक धरायच्या, हलकेच गोल फिरवायच्या आणि समोर जी कोणी असेल तिला म्हणायच्या, "इतकंच असतं. एवढ्याला घाबरता होय गं?" एकदा गणपतीत त्यांनी हे पेटत्या उदबत्तीने करून दाखवलं. पुण्याहून आलेले गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांना वाटलं कलकत्त्यात उदबत्ती ओवाळायची हीच पद्धत असावी. पुढचे पाच दिवस त्यांनी ती तशीच ओवाळली आणि कोणाची काही सांगायची छाती झाली नाही.

डॉ. शालिनी मिराशी म्हणजे जंतूंच्या डॉक्टर. नवरा खिदिरपूरच्या गोदीत अधिकारी, आणि बाई एस्प्लनेडच्या एका गल्लीतल्या लॅबच्या प्रमुख. खाली चपलांचं दुकान, वर लॅब. तिथे रक्त यायचं, लघवी यायची, थुंकी यायची, पण बाईंचा जीव जडला होता तो एकाच गोष्टीवर. बायकांना अंगावरून जातं, खाज सुटते, आग होते, वास येतो. अशा वेळी कापूस लावलेल्या काडीने योनीतला थोडा स्राव घ्यायचा, काचेवर लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, की आत बुरशी आहे, जिवाणू आहेत की आणखी कोणी पाहुणा आहे ते कळतं. ज्याचं त्याचं औषध वेगळं. एवढी साधी गोष्ट, पण बायका ती करत नाहीत म्हणून बाईंचा तिळपापड व्हायचा.

"दुकानात जाऊन 'खाजेचं काहीतरी द्या' म्हणता. तो पोरगा गजकर्णाचं मलम देतो. तुम्ही ते लावता. मग माझ्याकडे येता तेव्हा जंतू वेगळाच आणि वर मलमाची पुटं." हे त्या मला सांगायच्या. मी त्यांची शेजारीण, आमच्या भिंतीला भिंत. यजमान बँकेत, बदलीवर आलेले. मला खाज नव्हती, मलम नव्हतं, तरी रोज संध्याकाळी चहाबरोबर मला हे ऐकावं लागे. शेजार निवडून मिळत नाही.

शब्दांच्या बाबतीत बाई कोणाची भीड ठेवायच्या नाहीत. मंडळातली एखादी बाई कोपऱ्यात घेऊन कुजबुजायची, "बाई, खाली जरा त्रास होतोय." बाई खणखणीत आवाजात विचारायच्या, "खाली म्हणजे कुठे? खाली वॉचमन बसतो." ती बिचारी लाल व्हायची. मग "तिकडे हो," म्हणायची. "तिकडे म्हणजे हावड्याला?" शेवटी बाईच म्हणायच्या, "योनी म्हण. तोंड झिजत नाही." हे सगळं मिनीबसमध्ये उभ्या उभ्या. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघायची आणि आपण ह्यांना ओळखतच नाही असा चेहरा करायची.

बाईंच्या नाकाची एक वेगळीच गोष्ट आहे. बाई जन्माच्या शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा बंद. आता जिवाणूंच्या एका प्रकारात स्रावावर औषधाचा थेंब टाकला की माशासारखा वास सुटतो, आणि त्यावरून निदानाला मदत होते. पुस्तकात तसं लिहिलेलं. पण बाईंना माशाचा वास म्हणजे नक्की कसला, हेच ठाऊक नव्हतं. लॅबमध्ये त्यांच्या हाताखाली मिठूदी नावाची बंगाली तंत्रज्ञ होती. थेंब पडला की ती हुंगून सांगायची, आहे किंवा नाही. बाईंना हे सहन होईना. दुसऱ्याच्या नाकावर सही कशी करायची?

मग बाईंनी शिकवणी लावली. रोज सकाळी खिदिरपूरच्या मासळीबाजारात जायच्या, पदर सावरून टोपलीवर वाकायच्या आणि डोळे मिटून श्वास घ्यायच्या. मासळीवाला विचारायचा, "की नेबेन, माशीमा?" म्हणजे काय घेणार मावशी. बाई म्हणायच्या, "किच्छू ना. शुधू गंध." काही नको, फक्त वास. पहिल्या आठवड्यात त्यांना हाकललं. नंतर तेच लोक हाका मारून नवीन आलेला माल हुंगायला बोलवायला लागले. शिळा मासा बाई लांबूनच ओळखायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकायच्या, म्हणून विकणारे त्यांना वचकून असत. पुढे पुढे जिना चढताना त्या सांगायच्या, "पहिल्या मजल्यावर आज इलिश मासा आहे. तेल जुनं वापरलंय." मिठूदीचं आणि त्यांचं तरी भांडण व्हायचंच. मिठूदी म्हणायची हा वास पाबदा माशाचा, बाई म्हणायच्या पारशे माशाचा. रिपोर्टवर मात्र बाई फक्त 'आहे' एवढंच लिहायच्या. माशाचं नाव त्या लिहीत नसत, हे माझ्या मते त्यांनी दाखवलेलं मोठंच औदार्य.

आता वाणाबद्दल. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी माझ्याकडे होतं. कलकत्त्यात आम्ही मराठी बायका मूठभर, पण वाण लुटण्यात कोणी मागे नाही. कोणी डबी, कोणी गाळणी, कोणी फ्रिजमध्ये घालायची झाकणं. आपल्याकडे वाण घेतल्या घेतल्या देणारीसमोर उघडून बघत नाहीत. तिळगुळाबरोबर पिशवीत टाकायचं आणि घरी जाऊन बघायचं. मिराशीबाई उशिरा आल्या, लॅबमधून तशाच. सगळ्या निघायच्या घाईत. त्यांनी प्रत्येकीच्या पिशवीत कागदात गुंडाळलेलं एक लांबट काहीतरी टाकलं आणि म्हणाल्या, "उपयोगी वस्तू आहे. लाजू नका."

समजावून सांगायचं राहून गेलं.

रात्री मंडळाच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. पारदर्शक नळी, आत लांब काडी, टोकाला कापूस. एकीने विचारलं, अत्तराचा फाया आहे का, पण वास येत नाही. एकीच्या सासूबाईंनी त्याने बाळकृष्णाला तूप लावलं होतं आणि त्या हे फार सोयीचं आहे, आणखी मिळतील का, असं विचारत होत्या. एकीच्या यजमानांनी कान कोरून घेतले होते आणि त्यांना इतकं बरं वाटलं की ते बाईंचे आभार मानत होते. बाईंनी ग्रुपवर एकच ओळ टाकली: "तो योनीचा स्वॅब आहे." त्यानंतर ग्रुपवर अळीमिळी गुपचिळी. चार दिवस कोणी सुप्रभातसुद्धा घातलं नाही. बाळकृष्णाला काय झालं असेल ते मी विचारलं नाही. कान कोरलेले यजमान मला पुढे पूजेच्या मांडवात दिसले, पण त्यांनी मान वळवली.

बाई चिडल्या नाहीत. "निदान काडी हातात तरी घेतली," म्हणाल्या.

पाचव्या दिवशी दुपारी माझ्याकडे अश्विनी आली. वरच्या मजल्यावर राहणारी, नाशिकची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा निखिल सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत. पोरगी मुळात हसरी, पण गेल्या काही महिन्यांत तिचा चेहरा उतरला होता. तिने पिशवीतून ती नळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "काकू, मिराशीकाकूंनी हे सगळ्यांना दिलं ना? का फक्त मला? त्यांना कळलंय का?"

"काय कळायचंय?"

मग ती रडायला लागली. तिला गेले कित्येक महिने पांढरं जात होतं, वास यायचा. लाजेपायी तिने कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्याच्यापासून लांब राहायला लागली, दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. तो कारण विचारायचा तेव्हा म्हणायची, मला इथलं पाणी मानवत नाही. निखिल सरळ पोरगा. त्याने पाण्याचं मशीन बसवलं. फरक पडेना म्हणून दुसरं बसवलं. मग आंघोळीच्या पाण्यालाही एक. त्यांच्या घरात नळ सोडला की फॅक्टरी सुरू झाल्यासारखा आवाज यायचा. आणि तरीही बायको लांबच. आता अश्विनीने नाशिकचं तिकीट काढलं होतं. परतीचं काढलं नव्हतं. "तो म्हणाला, मी नकोसा झालोय तर स्पष्ट सांग. काकू, मला तो नकोसा नाही झाला हो. पण हे असलं अंग घेऊन त्याच्याजवळ कशी जाऊ?"

मी तिचा हात धरला आणि तशीच तिला पलीकडच्या दारात नेऊन उभी केली.

बाईंनी तिला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बोलावलं. मी सोबत गेले. बाईंची पद्धत अशी की काडी पेशंटने स्वतःच, आतल्या बाथरूममध्ये जाऊन फिरवायची. बाई दाराबाहेर उभ्या राहून सूचना द्यायच्या. एस्प्लनेडला मराठी कोणाला कळतं, ह्या भरवशावर मोठ्याने. "हात धुतलेस? काडीच्या टोकाला बोट लावू नकोस. सरकव आत, घाई नको. कडेकडेने फिरव. आता बाहेर काढ आणि लगेच झाकण घट्ट लाव, वाळता कामा नये."

बाकावर एक आजोबा साखरेच्या रिपोर्टसाठी बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. "किती दिवसांनी असं ऐकलं हो," ते मला म्हणाले. "मुलगा इथे नोकरीला, नातवंडं घरात इंग्रजी बोलतात. लोणचं घालायला शिकवताय का तिला?"

"नाही," बाईंनी मागे न वळता सांगितलं. "योनीचा स्वॅब घेतीये ती."

आजोबांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बरं, बरं. चालू द्या. भाषा मात्र अगदी आपल्याकडची."

एवढं करून त्या काचेवर काहीच नव्हतं. होती ती पावडर. अश्विनी लॅबमध्ये जायचं म्हणून पहाटे उठून जंतुनाशक घालून आतपर्यंत धुऊन, वर सुवासिक पावडर लावून आली होती. घरी पाहुणे येणार म्हटलं की आपण ओटा घासतो ना, तसं. बाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या आणि मी त्यांना इतकं चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"घरात चोरी झाली तर पोलीस यायच्या आधी कोणी केर काढतं का गं?"

अश्विनीने मान हलवली.

"मग? तू लादीसकट पुसून काढलीस. आता चोर कोण ते मी पावडरीला विचारू? जा. आठवडाभर आत पाणी नाही, जंतुनाशक नाही, मलम नाही, काही नाही. बाहेरून साध्या पाण्याने धू आणि ये."

"रोज किती वेळा धुतेस?" मी जिन्यात विचारलं. ती म्हणाली, "वास येतो म्हणून सारखीच." गाळलेल्या पाण्याने. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की माणूस फार विचित्र दिसतो, म्हणून मी चपलांच्या दुकानात बघत उभी राहिले.

आठवड्याने चोर सापडला. थेंब टाकला, मिठूदीने हुंगलं, "पाबदा" म्हणाली. बाईंनी हुंगलं, "पारशे" म्हणाल्या, आणि दोघींचं एकमत झालं की आहे. मग त्यांनी अश्विनीला काचेत बघायला लावलं. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्या तसे पेशींना जिवाणू चिकटलेले. "हे घाणीमुळे नाही झालेलं," बाई म्हणाल्या, आणि ह्या वेळी आवाज मऊ होता. "उलट आहे. आत चांगले जंतू असतात, दह्यातल्यांचे भाऊबंद. तेच राखण करतात. तू धू धू धुऊन शेजारीच हाकलून दिलेस, मग मोकळ्या घरात हे शिरले. तू स्वच्छच आहेस गं. जरा जास्तच आहेस." अश्विनी परत रडली. ह्या वेळचं रडणं वेगळं होतं.

एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या. गोळ्या घेणं सोपं होतं, न धुणं अवघड.

त्याच सुमारास निखिल मिराशीबाईंच्या दारात उभा राहिला. हातात बाटली. मी तिथेच चहा पीत होते. "काकू, आमचं पाणी तपासून द्याल? सगळी मशीनं लावून झाली. अश्विनीला अजून बाधतंय. ती चालली आहे हो." बाईंना सगळं ठाऊक होतं, पण पेशंटची गोष्ट पेशंटशिवाय कोणाला सांगायची नाही, नवऱ्यालाही नाही, हा त्यांचा दंडक. एरवी बसमध्ये 'योनी' म्हणून ओरडणारी ही बाई त्या दिवशी तोंडात मूग धरून बसली. बाटली घेतली. खरोखर लॅबमध्ये नेली. खरोखर तपासली. दोन दिवसांनी निखिलला बोलावून म्हणाल्या, "पाणी उत्तम आहे. इतकं चांगलं पाणी मी कलकत्त्यात पाहिलं नाही. आता पाण्याला त्रास देऊ नकोस. बायकोजवळ बस आणि विचार. आणि ती जे सांगेल ते ऐकताना तोंड वाकडं केलंस तर माझ्याशी गाठ आहे."

त्या रात्री वरच्या मजल्यावरचा मशीनचा आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी निखिल औषधाच्या दुकानातून काहीतरी कागदी पिशवीत घेऊन जिना चढताना दिसला आणि माझ्याकडे बघून लाजला. मी आपली कोथिंबीर निवडत होते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्रास गेला, अश्विनीने तिकीट रद्द केलं, आणि मग नाशिकहून तिची आई आली. आईने येताना कडुनिंबाचा पाला आणला. आई म्हणजे आई, तिला नाही म्हणणार कोण. अश्विनीने तो पाला उकळलेल्या पाण्याने आतून धुतलं आणि पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ह्या वेळी ती खचलीच. पुन्हा गोळ्या. पुन्हा दुसरी खोली, पुन्हा तिकीट. मला म्हणाली, "काकू, आता शेवटचं. ह्या वेळचा स्वॅब तसाच आला तर मी जाते. त्याला किती दिवस असं अडकवून ठेवू? तो काही बोलत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो."

आणि नेमके तेव्हाच मिराशीसाहेब निवृत्त झाले. दोघांनी साताऱ्याला जायचं ठरवलं. बाईंनी जाण्याच्या आदल्या दिवशी अश्विनीला स्वतः स्वॅब घ्यायला लावला, दाराबाहेर उभं राहून सगळ्या सूचना परत दिल्या, आणि नळी मिठूदीच्या हातात ठेवली. थेंबाचा वास मिठूदी घेणार होती आणि काचही तिथल्या नवीन डॉक्टर बघणार होत्या. "आता तुझ्याच नाकावर," बाई तिला म्हणाल्या. मिठूदीने त्यांच्या पाया पडून घेतलं आणि तेवढ्यातही सांगितलं की मागच्या वेळी पाबदाच होता.

हावड्याला आम्ही सगळ्या गेलो. बाळकृष्णवाल्या सासूबाईसुद्धा. बाईंची ओटी भरली, नारळ, खण, तांदूळ. सगळ्या रडत होत्या. बाई मात्र सारख्या पुलाच्या दिशेने बघत होत्या. "आली का गं ती?" मला विचारायच्या. मी नाही म्हणायची. "निकाल मिळाला असेल एव्हाना. चांगला असता तर आली असती." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं, हातात काही नसताना, बोटं चोळत बसलेलं पाहिलं. साहेबांनी त्यांना डब्यात चढवलं. एसीचा डबा, काच उघडत नाही. बाई काचेला नाक लावून बसल्या.

गाडीने भोंगा दिला आणि अश्विनी धावत आली. मागे निखिल, दोघंही घामाने निथळत. तिने काचेवर थाप मारली आणि काहीतरी म्हणाली. आत बाईंना ऐकू जाईना. त्यांनी कानाला हात लावला. अश्विनीने पुन्हा सांगितलं. बाईंनी मान हलवली, नाही ऐकू येत. गाडी हलली.

मग ती पोरगी, जी माझ्या घरात दार लावूनसुद्धा "तिकडे" म्हणायची, ती हावड्याच्या फलाटावर, हमालांच्या आणि चहावाल्यांच्या मधोमध, डब्याबरोबर धावत, गळा फाडून ओरडली, "काकू, योनीचा स्वॅब स्वच्छ आला!"

फलाटावर मराठी कळणारे आम्हीच होतो. बाळकृष्णवाल्या सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. निखिल लाजला नाही. तो तिच्याबरोबर धावत होता आणि त्यानेही तेच वाक्य ओरडून सांगितलं.

आत बाईंना अजूनही काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हा अश्विनीने धावता धावता हात वर केला, अंगठा आणि दोन बोटं जुळवली, हलकेच गोल फिरवली आणि हसली.

बाईंना कळलं. त्यांनी ओटीतला नारळ कसाबसा साहेबांच्या मांडीवर टाकला आणि काचेमागे आपला हात वर केला. बोटांत काही नव्हतं, तरी त्या ती काडी फिरवत राहिल्या, डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. गाडी वळेपर्यंत त्यांचा तो फिरणारा हात मला दिसत होता.